कूपोद्धार



वर्धापनोत्सवाच्या व्याख्यानमालेत मजसारख्या पाठशाळेतील कनिष्ठ अध्यापकाने व्याकरण नाही, काव्य नाही, आणि विहिरीवर बोलावयाचे ठरविले, तेव्हा काही स्नेह्यांनी माझी थट्टा केली. 'कूपमंडूक' हा शब्द शिकवता शिकवता पंडितच विहिरीत उतरले, असे एक जण म्हणाले. थट्टा मला मान्य आहे. परंतु विषय मी निवडला असला, तरी तो मला मठाच्या मागील अंगणातच मिळाला. उत्सवाचा मंडप जेथे घातला आहे आणि आपणांपैकी निम्मी मंडळी या क्षणी जेथे बसली आहेत, त्याच्या उजव्या कोपऱ्यात, सतरंजीखाली, एक सिमेंटची लादी आहे. त्या लादीखाली मठाची विहीर आहे. वडीलधाऱ्या मंडळींस ती आठवते. तरुणांस ती ठाऊकही नाही. आज त्या कोपऱ्यास दोर बांधून तो रिकामा ठेवला आहे. तो का, हे पुढे सांगेन.

या विहिरीचे काय करावयाचे, हा प्रश्न व्यवस्थापक मंडळापुढे आला आहे. एक मत असे की, तिच्यात मुरूम टाकून ती कायमची बुजवावी आणि अंगण सपाट करावे. भोजनाच्या पंगतींस जागा होईल. दुसरे मत असे की, पाण्याची अडचण आहेच, तर एक खोल कूपनलिका, ज्यास आपण सारे बोअर म्हणतो, ती मारून घ्यावी. तिसरे मत माझे आणि आणखी काही जणांचे आहे : लादी काढावी, गाळ उपसावा, विहीर पुन्हा वाहती करावी. निर्णय महाराजांच्या आज्ञेने व मंडळाच्या विचाराने व्हावयाचा आहे. तो होण्यापूर्वी सर्व शिष्यवर्गाने या विषयाची दोन्ही अंगे ऐकावीत, एवढाच माझ्या भाषणाचा हेतू आहे.

प्रथम शास्त्राचे अंग घेतो, कारण मठात बोलताना ते टाळणे योग्य नव्हे, आणि त्याविषयी आपल्यांत काही गैरसमजही आहेत. आपल्या धर्मशास्त्रात 'इष्टापूर्त' असा जोडशब्द येतो. इष्ट म्हणजे यज्ञादी कर्म, आणि पूर्त म्हणजे विहिरी, तळी, बागा, धर्मशाळा, अन्नसत्रे. यज्ञाचा अधिकार सर्वांस नव्हता. पूर्ताचा अधिकार मात्र स्मृतिकारांनी सर्व वर्णांस दिला. म्हणजे लोकांसाठी पाणी काढून ठेवणे हे ज्यास त्यास करता येण्याजोगे कर्म मानले गेले. हे सर्वांस माहीत असते. त्यापुढची गोष्ट फार थोड्यांस माहीत असते. विष्णुस्मृतीत असे सांगितले आहे की, विहीर, बाग, तळे अथवा देवालय जीर्ण झाले असता जो त्याचा पुन्हा संस्कार करतो, त्यास मूळ करणाऱ्याइतकेच फळ मिळते. मला या वचनाचा व्यवहारी अर्थ फार महत्त्वाचा वाटतो. नवे बांधणाऱ्याचे नाव शिळेवर कोरले जाते. जुने दुरुस्त करणाऱ्यास कोणी विचारीत नाही. हा मनुष्यस्वभाव स्मृतिकारास ठाऊक असावा, म्हणूनच त्याने दोघांस एकाच पंक्तीस बसविले.

दुसरे एक वचन याहून मनोरंजक आहे. दुसऱ्याने बांधलेल्या जलाशयात स्नान करावयाचे असेल, तर आधी त्यातून मातीचे पाच गोळे बाहेर काढून टाकावेत, असा नियम याज्ञवल्क्याने घालून दिला आहे. टीकाकार त्याचा संबंध पापपुण्याशी लावतात, आणि लावोत. पण हिशेब करून पाहा. रोज शंभर माणसे स्नानास येत असली, तर रोज पाचशे गोळे गाळ बाहेर निघाला. वर्षानुवर्षे तळे उथळ होत नाही आणि त्यासाठी वर्गणी काढावी लागत नाही. पाणी वापरणाऱ्यानेच ते राखावयाचे, ही व्यवस्था आचारात मिसळून टाकलेली होती. नळ आल्यावर गोळा काढावयाचे कारण उरले नाही, आणि विहिरींची जी दशा झाली ती आपण पाहतो.

मात्र शास्त्राचे नाव घेऊन मी आपणांस भीती घालणार नाही. विहीर बुजविली तर अमुक दोष लागतो, घरात तमुक विपत्ती येते, असे सांगणारे लोक आहेत. मला तशी युक्ती वापरावयाची नाही. विहीर राखावयाची ती तिचा उपयोग आहे म्हणून, आणि तो उपयोग कोणता हे आपल्या गावाच्या जमिनीकडे पाहिल्याशिवाय कळत नाही.

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंचीवर, सह्याद्रीच्या पूर्व उतारावर वसले आहे. पाऊस वर्षाकाठी 1200 ते 1300 मिलिमीटरच्या घरात पडतो. याच जिल्ह्याच्या पूर्वेकडे, अथणीच्या बाजूस, त्याच्या निम्म्याइतकाही पडत नाही. म्हणजे पावसाच्या बाबतीत आपण दरिद्री नाही. आपल्या पायांखाली जांभा आहे. जांभा सच्छिद्र असतो. पावसाचे पाणी तो भराभर पितो. त्याखाली कोठे चिकण माती, कोठे कुजलेला मुरमाड खडक, आणि त्याखाली दख्खनचा काळा पाषाण. वरून झिरपलेले पाणी काळ्या पाषाणापाशी थबकते आणि वरच्या थरांत साठते. आपल्या पूर्वजांच्या विहिरी तीस-चाळीस फुटांत पाण्यास लागत, त्याचे कारण हे. मात्र जांभा जसा पितो तसा गळतोही. मार्गशीर्षापर्यंत काठोकाठ असलेले पाणी वैशाखात तळाशी जाते. या जमिनीची ही प्रकृतीच आहे, आणि विहिरीचे गुणगान करताना ती लपविणे बरे नव्हे.

या गावातील विहिरींत सर्वांत नावाजलेली विहीर आपणांस ठाऊकच आहे. 1924 च्या डिसेंबरात 26 व 27 तारखेस येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. महात्मा गांधींनी अध्यक्षपद भूषविलेले ते एकच अधिवेशन. गंगाधरराव देशपांडे यांनी टिळकवाडीच्या माळावर 'विजयनगर' उभारले. हजारो माणसे उतरावयाची, तर मंडप, तंबू, स्वयंपाक यांच्याही आधी पाणी हवे, म्हणून तेथे एक मोठी विहीर खणण्यात आली. तिला 'पंपा सरोवर' असे नाव दिले, आणि खर्च 4370 रुपये 3 आणे आला, असे सांगतात. हे तीन आणे मला विशेष आवडतात. सार्वजनिक पैशाचा हिशेब कसा ठेवावा, ते त्यांत दिसते. अधिवेशन दोन दिवसांचे होते. मंडप उतरला, तंबू गेले, विजयनगर नाहीसे झाले. विहीर मात्र राहिली, आणि शतक उलटून गेल्यावरही ती आहे.

पुढे 1962 साली मार्कंडेय नदीवरील राकसकोप जलाशयाचे पाणी शहरास मिळू लागले. त्यानंतर घटप्रभेवरील हिडकल धरणाचेही पाणी आले. नळ घरात आला, ही स्त्रियांच्या दृष्टीने केवढी सुटका होती, हे मी सांगावयास नको. डोक्यावर घागर आणि कडेवर कळशी घेऊन ज्यांनी आयुष्य काढले, त्या समोर बसल्या आहेत. नळास मी नावे ठेवीत नाही. नळ आल्यावर विहिरीकडे पाठ फिरली, एवढेच दाखवितो. प्रथम रहाट निघाला. मग कठडा मोडला. मग तीत निर्माल्य पडू लागले, मग भंगलेल्या मूर्ती, मग काहीही. आपल्या मठातही तसेच झाले. शेवटी पोर पडेल या भयाने लोखंडी तुळया टाकून वर लादी घातली. त्या काळच्या मंडळींस दोष देण्याचे कारण नाही. त्यांनी मुलांची काळजी घेतली.

1995 साली पाऊस ओढला आणि शहरात पाण्याचे हाल झाले. तेव्हा महानगरपालिकेने जुन्या खुल्या विहिरींकडे पुन्हा पाहिले. त्यांतील गाळ उपसून, पाणी तपासून, पंप बसवून आसपासच्या वस्त्यांस ते देण्याचे काम हाती घेतले गेले. काँग्रेस विहीर त्यांपैकीच. एवढ्या वर्षांपूर्वी आपल्याच गावाने आपल्याच विहिरींवर हा प्रयोग केला, आणि बाहेरगावचे अभ्यासक तो पाहावयास आले. आपण मात्र तो विसरत चाललो आहोत. त्यानंतरही पाऊस ओढावयाचा थांबलेला नाही. 2023 साली कर्नाटकातील 236 तालुक्यांपैकी 223 तालुके दुष्काळग्रस्त जाहीर झाले. त्या जून महिन्यात मृगाच्या सरी लांबल्या आणि राकसकोपाचा तळ दिसू लागला, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे.

आता बोअरचा विचार करू. बोअर मारावी असे म्हणणारे आपलेच बंधू आहेत आणि त्यांचा युक्तिवाद पोकळ नाही. काम एका दिवसात होते, जागा वीतभर लागते, मुले पडण्याचे भय नाही. परंतु विहीर आणि बोअर यांचे पाणी एकाच ठिकाणचे नसते. विहीर वरच्या, दरवर्षी भरणाऱ्या थरातून पाणी घेते. बोअर दोनशे, चारशे, कधी सहाशे फूट खाली काळ्या पाषाणाच्या भेगांत जाते. काळ्या पाषाणास स्वतःची तहान नाही आणि साठाही नाही. पाणी असते ते भेगांत, आणि त्या भेगा भरावयास वर्षे लागतात. भेग सापडली तर दैव, न सापडली तर खडकाची पूड आणि बिल. शेजाऱ्याने अधिक खोल मारली की आपली आटते, मग आपण त्याहून खोल मारावयाची. ही चढाओढ आपण उपनगरांत पाहतोच आहोत. आपला देश जगात सर्वाधिक भूजल उपसणारा देश झाला आहे, तो अशा घरोघरच्या चढाओढीतूनच.

मला बोअरविरुद्ध सर्वांत मोठी तक्रार निराळीच आहे. बोअर आंधळी असते. तिच्यात पाणी किती आहे, हे ती बंद पडेपर्यंत कोणास कळत नाही. विहिरीत डोकावले की पाच वर्षांच्या पोरासही कळते, आज दोन पायऱ्या खाली गेले. ज्या गोष्टीचा तळ दिसतो, ती मनुष्य जपून खर्च करतो.

आता दोर बांधून ठेवलेल्या त्या कोपऱ्याविषयी. 30 मार्च 2023, रामनवमीचा दिवस. इंदूर शहरातील एका मंदिरात हवन चालले होते. ज्या जमिनीवर भाविक बसले होते, ती जमीन नव्हतीच. ती एका जुन्या बारवेवर टाकलेली लादी होती. ती खचली आणि माणसे खाली पाण्यात व गाळात गेली. 36 जणांचे प्राण गेले. त्यांत बायका होत्या, मुले होती. इंदूरमध्ये आपले किती आप्तेष्ट आहेत, हे सांगावयास नको. त्या दिवशी या गावातूनही कित्येकांनी घाबरून दूरध्वनी केले. अहिल्याबाई होळकरांनी ज्या माळव्यातून काशी-रामेश्वरापर्यंत विहिरी, बारवा आणि घाट बांधले, त्या माळव्यात हे घडावे! वास्तविक त्या बारवेने कोणाचे काही केले नव्हते. तिला झाकून, विसरून, वर माणसे बसविली, हे घातक ठरले.

आपल्या लादीखालच्या तुळया लोखंडी आहेत, आणि खाली बारमास ओल आहे. लोखंड कुजले आहे की नाही, हे वरून दिसत नाही. म्हणून यंदा मी व पाठशाळेच्या विद्यार्थ्यांनी महाराजांची आज्ञा घेऊन तेथे दोर बांधला. मंडळाने पुढे विहीर राखावयाचे ठरवो अथवा बुजवावयाचे, लादी तशीच ठेवणे हा पर्याय उरलेला नाही, एवढे मी स्पष्ट बोलतो.

उद्धार करावयाचा म्हणजे काय करावयाचे, हे आता सांगतो. मी स्थापत्यशास्त्र शिकलेलो नाही. परंतु जाणत्या अभियंत्यांस व विहिरीचे काम पिढ्यान्‌पिढ्या करणाऱ्या कारागिरांस विचारून जे समजले, ते आपणांपुढे ठेवतो.

काम उन्हाळ्याच्या अखेरीस करावयाचे, चैत्र-वैशाखात, जेव्हा पाणी सर्वांत खाली असते. लादी प्रथम अभियंत्याच्या देखरेखीखाली तुकड्यातुकड्यांनी काढावयाची. त्यानंतर काही दिवस विहीर उघडी राहू द्यावयाची. वर्षानुवर्षे झाकलेल्या विहिरीत प्राणवायू उरत नाही. जड, विषारी वायू तळाशी साचतो. दरवर्षी कोठे ना कोठे, गाळ काढावयास उतरलेला मजूर गुदमरून मेल्याची आणि त्यास वाचवावयास गेलेला दुसराही मेल्याची बातमी आपण वाचतो. जुने लोक जळता कंदील सोडून पाहत. तो विझला तर उतरत नसत. ती परीक्षा चांगली होती, पण अपुरी. प्राणवायू कमी आहे हे कंदील सांगतो, विषारी वायू आहे हे सांगेलच असे नाही. आता वायू मोजण्याचे यंत्र मिळते. ते सोडल्याशिवाय, हवा खेळविल्याशिवाय आणि कमरेस दोर बांधल्याशिवाय एकाही माणसास खाली उतरविले जाऊ नये. आपल्या पुण्यासाठी दुसऱ्याच्या घरचा कर्ता मनुष्य धोक्यात घालणे, यास कोणत्याही स्मृतीत आधार नाही.

पाणी उपसताना घाई करू नये. बाहेरची माती ओली असते आणि तिचा रेटा भिंतीवर असतो; आतले पाणी त्या रेट्यास तोलून धरते. एका दिवसात विहीर कोरडी केली, तर जुने बांधकाम आत ढासळू शकते. रोज थोडे थोडे उतरवावे आणि भिंतीकडे लक्ष ठेवावे. आपल्या विहिरीस जांभ्या चिऱ्यांचे बांधकाम आहे. त्यात पिंपळाची मुळे शिरली असतील. ती निगुतीने काढावी लागतील. चिऱ्यांमधील फटी पाहून कोणा उत्साही गवंड्यास वाटेल की आतून सिमेंटचा गिलावा करून ती गुळगुळीत करावी. तसे करणे म्हणजे विहिरीची नाकतोंडे बंद करणे. पाणी त्या फटींतूनच येते. सुटलेला चिरा बसवावा, पाझर मोकळे ठेवावेत. गाळ काढताना हातास खाली काय लागेल, सांगता येत नाही. जुने तांबे, मूर्ती, घागरी निघतील. त्यांची नोंद ठेवून त्या मठाच्या संग्रहात ठेवाव्यात, असे मी सुचवितो.

याहून कठीण काम विहिरीच्या बाहेर आहे. भोवती घरे दाटली आहेत, आणि प्रत्येक घरास शौचकूप आहे. सांडपाणी जर त्याच थरात मुरत असेल, तर कितीही गाळ काढा, आपण घाणच उपसू. शोषखड्डा विहिरीपासून निदान 50 फूट दूर हवा, असे जाणकार सांगतात. मठाचा जुना शोषखड्डा तेवढा दूर नाही. तो बंद करून गटारास जोडावा लागेल, आणि शेजाऱ्यांच्या घरी जाऊन, हात जोडून, त्यांसही तसे करण्याची विनंती करावी लागेल. सबंध कामात मला भीती वाटते ती याच भागाची. कारण गाळ पैशाने निघतो, शेजारी पैशाने वळत नाहीत.

पाणी स्वच्छ करण्याच्या बाबतीत पाठशाळेतील मंडळी वराहमिहिराचे नाव घेतील, हे मी जाणून आहे. सहाव्या शतकातील त्या महापंडिताने बृहत्संहितेत 'दकार्गल' नावाचा संबंध अध्याय भूजलावर लिहिला. मनुष्यशरीरात जशा शिरा, तशा भूमीत जलशिरा आहेत, असे तो म्हणतो. वारुळांवरून, झाडांवरून, मातीच्या रंगावरून पाणी कसे ओळखावे, हे सांगतो. विहिरीचे पाणी गढूळ असल्यास अंजन, नागरमोथा, वाळा, आवळा इत्यादींचे चूर्ण निवळीच्या बियांसह टाकावे, असा प्रयोगही तो देतो. त्याच्या निरीक्षणशक्तीपुढे मी नतमस्तक आहे. निवळीने पाणी निवळते, हे खरेच आहे; आपल्या आज्या ती उगाळून माठात घालीत. पण निवळलेले पाणी निर्जंतुक असतेच असे नाही. वराहमिहिरास पटकीचे जंतू दिसले नव्हते. आपणांस दिसले आहेत. ते दिसल्यावरही केवळ आदरापोटी चूर्णावर भिस्त ठेवणे, यात वराहमिहिराचा गौरव नाही. तेव्हा ब्लीचिंग पावडर हवी. नेहमीचे प्रमाण 1000 लिटर पाण्यास सुमारे अडीच ग्रॅम. टाकल्यावर तासभर थांबावयाचे. गाळ काढल्यानंतरच्या पहिल्या वेळी अधिक लागेल. आणि पाणी प्रयोगशाळेत पाठवावयाचे : विष्ठेतील जंतू 100 मिलिलिटरमध्ये एकही नको, आणि नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमच्या आत हवे. नायट्रेट पाणी उकळूनही जात नाही. ते अधिक निघाले, तर ते पाणी पिण्यास कधीही द्यावयाचे नाही; धुण्यास, झाडांस, गोशाळेस द्यावयाचे. ते पाणी तेवढ्या कामाचे झाले, तरी नळाचे तेवढे पाणी पिण्यासाठी वाचेल.

आता घेण्याबरोबर देण्याचा विचार. सभामंडपाचे छप्पर सुमारे 400 चौरस मीटर आहे. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी झाले. 1200 मिलिमीटरच्या हिशेबाने 4 लाख 80 हजार लिटर. उडून, गळून जाते ते वजा जाता 3 लाख 80 हजार तरी हाती लागावे. हे सर्व आज पन्हळीतून रस्त्यावरच्या गटारात जाते. पहिले एक-दोन पाऊस छप्पर धुण्यास सोडून द्यावेत, पुढचे वाळू-खडीच्या गाळणीतून विहिरीत सोडावे. ते सर्व विहिरीत राहील अशी समजूत कोणी करून घेऊ नये. विहीर म्हणजे हौद नव्हे. ते भोवतालच्या जांभ्यात पसरेल आणि काही शेजाऱ्यांच्या विहिरीत उतरेल. माझ्या मते त्यात तोटा नाही. आपले पाणी आपल्याच कुंपणात राहावे, हा आग्रह जमिनीस कळत नाही.

आपल्या विहिरीचा व्यास 20 फूट आहे. तेव्हा एक फूट पाणी म्हणजे सुमारे 9,000 लिटर. ऐन उन्हाळ्यात ती रोज दोन फूट भरून आली, तर 18,000 लिटर झाले. माणशी 20 लिटर धरले, आणि पिणे-रांधणे यास टंचाईच्या दिवसांत तेवढे पुरते, तर 900 माणसांची सोय झाली. रोज किती भरून येईल, हे गाळ काढल्यावर, उपसा करून, घड्याळ लावून मोजल्याशिवाय सांगता येणार नाही. म्हणून हा आकडा मी कोणास वचन म्हणून देत नाही. 2011 च्या जनगणनेत शहराची वस्ती पाच लाखांच्या जवळ होती. एक विहीर शहरास तारीत नाही. ती एका गल्लीस तारते. राकसकोपाचे पाणी आठ दिवसांनी येऊ लागले, म्हणजे एका गल्लीस तारणे ही लहान गोष्ट राहत नाही. शहरात अशा किती विहिरी लाद्यांखाली आहेत, याची गणती कोणी केली, तर मला वाटते आपण सारेच चकित होऊ.

हे होऊ शकते काय, अशी शंका असणारांनी हैदराबादेकडे पाहावे. सिकंदराबादच्या बन्सीलालपेठेत सतराव्या शतकातील एक पायऱ्यांची विहीर आहे. 1933 साली सेठ बन्सीलाल यांनी तिची डागडुजी केली, म्हणून पेठेस त्यांचे नाव. पुढे चार दशके ती कचऱ्याची खाण होती, वर झोपड्या आणि राडारोडा. 2021 साली नगरपालिका व एका जलसंवर्धन संस्थेने ती उकरावयास घेतली. शेकडो ट्रक कचरा निघाला. सुमारे 50 फूट खोल अशी ती सुंदर दगडी वास्तू उघडी झाली, आणि पाणी आपोआप वर आले. 22 लाख लिटर मावते असे सांगतात. 5 डिसेंबर 2022 रोजी ती लोकांस खुली झाली. तेथे रोषणाई, उपाहारगृह वगैरेही केले आहे. आम्हांस त्याची गरज नाही. आमचा कठडा मजबूत असला आणि वर जाळी असली, म्हणजे पुरे.

एक विषय राहिला, आणि तो मी शेवटी ठेवला तरी माझ्या मनात तो पहिला आहे. या विहिरीचे पाणी कोणी भरावयाचे?

पूर्ताचा अधिकार सर्वांस दिला, असे मी आरंभी म्हणालो. पाणी काढून देण्याचा अधिकार सर्वांस होता. पाणी भरण्याचा नव्हता. 1868 साली जोतीराव फुल्यांनी पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांस मोकळा केला. 1923 साली मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले असावेत असा ठराव केला. तरीही 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्याचे ओंजळभर पाणी घेण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांस हजारो माणसांसह जावे लागले. आणि त्यानंतर ते तळे 'शुद्ध' करण्यासाठी पंचगव्याच्या घागरी ओतून मंत्र म्हणण्यात आले. उच्च न्यायालयाचा अखेरचा निकाल व्हावयास 1937 साल उजाडले. ते मंत्र म्हणणारे लोक आमच्याच परंपरेत शिकलेले होते. मी ज्या पोथ्यांतून शिकवितो, त्याच पोथ्यांतून ते शिकले असतील. हे येथे, मठात, मठाच्या शिष्याने बोलणे मला आवश्यक वाटते. बाहेरच्यांनी बोलणे निराळे.

आपल्या विहिरीवरही एके काळी कोण कोठवर यावे, याचे नियम होते. जुन्या मंडळींस ते आठवत असतील. मी ते येथे उच्चारीत नाही. परंतु लादी काढताना ते नियमही गाळाबरोबर निघाले पाहिजेत. म्हणून माझी विनंती अशी की, विहिरीचे पाणी पंपाने चढवून त्याचा एक नळ मठाच्या भिंतीबाहेर, रस्त्याच्या कडेस द्यावा. तेथे येणाऱ्यास कोणी नाव, गाव, भाषा विचारू नये. मागच्या गल्लीत कन्नड बोलणारी घरे आहेत, पुढच्या गल्लीत मराठी, कोपऱ्यावर उर्दू. हा स्मृतिग्रंथही दोन भाषांत निघत आहे. नळाजवळची पाटी त्या सर्व भाषांत असावी, आणि तीवर वेळ व पाण्याची तपासणी झाल्याची तारीख असावी. देणगीदारांची नावे तीवर नकोत. 4370 रुपये 3 आण्यांप्रमाणे खर्चाचा हिशेब मात्र लावावा.

खर्चाचा अंदाज अभियंत्यांनी मंडळाकडे दिला आहे. तो कार्यालयात पाहावयास मिळेल. श्रमदानाची गरज गाळ वाहून नेण्यास लागेल, विहिरीत उतरण्यास नव्हे. ते काम माहीतगारांनीच करावयाचे आणि त्यांस पुरती मजुरी द्यावयाची. पाठशाळेतील विद्यार्थ्यांनी एक काम आपण होऊन पत्करले आहे. विहीर उघडली म्हणजे आत फुटांच्या खुणा केलेली पट्टी बसवावयाची, आणि दर एकादशीस सकाळी पाण्याची उंची पाहून वहीत लिहावयाची. त्यासाठी वही आणून ठेवली आहे. तिच्या पहिल्या पानावर तिथी, वार, पाऊस आणि पाणी असे चार रकाने आखलेले आहेत. नोंद मंडळाच्या निर्णयानंतर सुरू होईल.